शर्ट पारखावा कसा: नानाप्रणीत पद्धती

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी त्याचा अधिकारी कोण हे सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रस्तुत शास्त्राचा अधिकारी तो, ज्याने मॉलमधून आठ-नऊशेचा शर्ट आणला, दोनदा धुतला आणि तिसऱ्यांदा इस्त्री फिरवताना ज्याला कॉलरवर फोड आलेले दिसले. जे अजून शिंप्याकडे शर्ट शिवतात त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्यांची दुःखं वेगळी आहेत; शिंपी दिवाळीचा वायदा करतो आणि तुळशीच्या लग्नाला शर्ट देतो.

शास्त्राचे प्रवर्तक आमचे नाना, मुक्काम दांडिया बाजार, बडोदे. नानांची हयात एका गिरणीच्या फोल्डिंग खात्यात गेली. ताग्यामागून तागा उजेडासमोर ओढायचा, तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची, हे काम. गिरणी बंद पडली, खडू मात्र नानांच्या हातात राहिला. लग्नात आहेर आला की पाकिटाआधी ते कापडाची किनार बघतात. नातेवाईक आता त्यांना पाकीटच देतात.

नियम पहिला: शर्ट आतून बघावा.

हा या शास्त्राचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. मॉलमध्ये शिरल्यावर सामान्य माणूस रंग बघतो, मग किंमत, मग आरसा. नाना हँगरवरून शर्ट काढतात, तिथल्या तिथे उलटा करतात आणि कडेच्या शिवणीवर अंगठा ठेवतात. अंगठ्याची रुंदी साधारण इंचभर. तेवढ्या जागेत टाके मोजायचे. चांगल्या शर्टाला इंचाला चौदा-पंधरा टाके असतात. हल्लीच्या स्वस्त मालात आठ-नऊ. टाके कमी म्हणजे दोरा कमी आणि मशीनवरचा वेळ कमी. एका शर्टामागे वाचतात काही सेकंद, पण लाखभर शर्टांमागे तीच सेकंदं कोणाच्या तरी खिशात जातात. मग शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणायची. टाक्यांमधून पलीकडचा उजेड दिसला तर शर्ट परत हँगरला.

त्यानंतर माया बघायची. आमच्या लहानपणी कपडे वाढत्या अंगाचे शिवत; विजारीच्या घोट्याशी दोन-दोन इंच माया दुमडलेली असे आणि दर जूनमध्ये आई ती थोडी उसवून सोडत असे. नव्या शर्टात शिवणीच्या पलीकडे जेमतेम ओव्हरलॉकचा दोरा बसेल एवढं कापड असतं. कापड विरलं की शिवण निसटणार, आणि पोट सुटलं तर सोडायला आत काहीच नाही. मुलांचं ठीक आहे हो, ती वाढतात. आम्ही पन्नाशीनंतर वाढतो, त्याची तजवीज कोणी करायची?

नानांची ही तपासणी एकदा एका विक्रेत्या पोराने बराच वेळ पाहिली. शेवटी न राहवून तो म्हणाला, "काका, अंदरथी कोण जोवानुं छे?" आतून कोण बघणार आहे! नाना त्याच्यावर रागावले नाहीत. उलट बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगा हुशार आहे. कंपनीला हेच तर कळलंय." त्यानंतर बरेच दिवस घरात कुठल्याही निकृष्ट गोष्टीवर नानांचा 'आतून कोण बघणार आहे' हाच शेरा असे, मग तो नव्या रस्त्याचा डांबराचा थर असो की भाचीच्या लग्नातलं श्रीखंड.

नियम दुसरा: चौकड्याच्या शर्टाचा खिसा बघावा. खिशावरचे चौकडे खालच्या चौकड्यांशी जुळले तर कापणाऱ्याने कापड वाया घालवायची तयारी दाखवलेली असते. जुळले नसतील तर पुढचं काही बघायची गरज नाही.

नियम तिसरा: टी-शर्ट घडी न घालता टेबलावर पसरावा. बाजूची शिवण पोटाकडे वळत चालली असेल तर धुतल्यावर ती बेंबीपर्यंत येईल. सुताला पीळ असतो, कापडाला तो पीळ सोडायला वेळ द्यावा लागतो आणि वेळ हल्ली कोणाकडे नाही.

नियम चौथा: किंमत वाचू नये.

हा नियम पाळणं सर्वांत अवघड, कारण किंमत हाच मालाचा सर्वांत ठळक भाग असतो. ९९९ हा आकडा नुसता डोळ्यांना गोड वाटतो म्हणून आलेला नव्हता. तयार कपड्यांवर हजार रुपयांपर्यंत पाच टक्के जीएसटी आणि त्यापुढे बारा, असा हिशोब अनेक वर्षं होता. तेव्हा शर्टाला काय हवं हे आधी ठरवून मग किंमत काढण्याऐवजी, किंमत हजाराच्या आत बसवून मग शर्टातून काय काढता येईल ते बघितलं जाई. आधी बटणाचा दोरा, मग मायेतलं कापड, मग कॉलरमधलं अस्तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली. शिलाई सुधारली का, याची पाहणी नानांनी लगेच केली. निष्कर्ष छापण्याजोगा नाही.

इथे न्यायाची गोष्ट म्हणून मंगळ बाजारातल्या फेरीवाल्याचा उल्लेख केला पाहिजे. तो दोनशेचा शर्ट देतो आणि तोंडावर सांगतो, "फॅशनमां गॅरंटी ना होय." नानांना तो माणूस आवडतो. त्याच्याकडे ते आतून काही बघत नाहीत. तो स्वतःच सगळं सांगतो, मग बघायचं काय?

नियम पाचवा: दोरा जाळून बघावा, पण घरी.

"घरी" हा शब्द नंतर घातलेला आहे. पूर्वी हा नियम त्याशिवाय होता आणि एका दुकानाच्या सुरक्षारक्षकाला त्याची माहिती नव्हती. शिवणीच्या आतल्या कापडातून एक दोरा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख पडते. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो. आणि वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर ते पॉलिएस्टर, लेबलावर काहीही छापलेलं असो. हल्ली बहुतेक वेळा मणीच होतो. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यापैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, तेव्हा आश्चर्य करण्यासारखं त्यात काही नाही.

पॉलिएस्टरला शिव्या देताना बडोदेकराने मात्र आवाज जरा खाली ठेवावा. १९६९ साली स्थापन झालेली आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची कंपनी आपल्याच शहराच्या कुशीत उभी राहिली आणि पॉलिएस्टरला लागणारा डीएमटी नावाचा कच्चा माल तिथे तयार होत असे. निम्म्या गल्ल्यांतून कोणी ना कोणी तिथे नोकरीला होतं. नानांच्या शेजारचे काका तिथूनच निवृत्त झाले. संध्याकाळी ओट्यावर दोघांचा सामना रंगतो. नाना सुताच्या बाजूचे, काका रसायनाच्या. काका सांगतात, "अरे, तुझी ती टेरिकॉटची पँट बघ, मी देईन तो धागा मरणारच नाही." ते खोटं नाही. ती पँट नानांच्या कपाटात अजून आहे. घडी मोडलेली नाही, कंबर फक्त मोडली आहे. एके काळी टेरिलीनचा शर्ट अंगात असणं म्हणजे मुलगा चांगल्या नोकरीला आहे असा अर्थ होत असे.

शेवटी दोघांचं एका मुद्द्यावर एकमत होतं. दोष धाग्याचा नसून कंजूषपणाचा आहे. आखूड, हलक्या प्रतीचं सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलं की धुण्याने सुताचे तंतू तुटून वर येतात; निव्वळ सुती कापडावरून ते गळून तरी पडले असते, इथे पॉलिएस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात. शर्टावर काखेपाशी जे गोळे येतात ते हेच. कापड पातळ केलं, पीळ सैल ठेवला की गोळे लवकर. एवढं बोलून झालं की काका चहा मागवतात आणि नाना त्यांच्या बुशशर्टाच्या बाहीला हात लावून पोत बघतात.

नियम सहावा: रंगाची परीक्षा नवरात्रात होते. पांढऱ्या केडियूवर नऊ रात्री लाल दुपट्टा बांधून गरबा खेळून आलात आणि दहाव्या दिवशी केडियू पांढरं राहिलं, तर दुकानदाराला पेढे द्यावेत. ज्या शहरात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन काढून पोरांना रंगाईचं शास्त्र शिकवलं, त्या शहरात बनियनला गुलाबी छटा यावी हे लाजिरवाणं आहे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं होतं, तेही गज्जरांनीच साफ केलं. आमच्या बादलीतला निळा रंग काढायला त्यांना बोलावलं असतं तर मात्र त्यांनीही हात टेकले असते. पाटणच्या पटोळ्याबद्दल गुजरातीत म्हण आहे की ते फाटेल पण त्याची भात, म्हणजे नक्षी, फिटणार नाही. गज्जरांच्या काळी पाटण बडोदे राज्यातच होतं. आता त्या म्हणीच्या उलट झालं आहे. भात पहिल्या धुण्यात जाते आणि कापड फाटतही नाही, नुसतं उगाच राहतं.

नियम सातवा: आटण्याचा अंदाज घेऊन एक साईज मोठा घ्यावा. हे शास्त्र नव्हे, शरणागती आहे. पूर्वी ताग्याच्या किनारीवर सॅनफोराइज्ड असा शिक्का असे, म्हणजे कापड आधीच आटवलेलं. नाना तो शिक्का अजून शोधतात.

आता वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वरील सातही नियम कसोशीने पाळून नानांनी मॉलमधून आजवर एकही शर्ट घेतलेला नाही. त्यांचा लग्नातला सूट १९३५ साली बडोद्यात सुरू झालेल्या श्री दिनेश मिल्सच्या कापडाचा आहे, तो अजून उन्हात टाकून आत ठेवला जातो. एरवी अंगावर जे शर्ट असतात ते नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणतात. काकू ते आतून बघत नाहीत. त्यांचे नियम वेगळे आणि, नानांची क्षमा मागून सांगतो, जास्त उपयोगाचे आहेत.

शर्ट घरी आला की अंगात घालण्याआधी सुई-दोरा घेऊन सगळी बटणं पक्की करायची. कारखान्यातलं बटण अनेकदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेलं असतं. एक टोक सुटलं की सबंध दोरा सरसर बाहेर येतो. पहिलं धुणं वेगळ्या बादलीत. कपडा उलटा करून धुवायचा, सावलीत वाळवायचा, टी-शर्ट हँगरला न लावता दोरीवर मधोमध दुमडून टाकायचा. बादलीत मूठभर मीठ घालायचं. या मिठावरून दोघांचं कायमचं वाजतं. नाना म्हणतात, "अगं, मीठ रंगवताना लागतं, रंगवून झाल्यावर त्याचा काय उपयोग?" काकू म्हणतात, "तुम्हाला आमटीतलं तरी कुठे कळतं?" शास्त्र नानांच्या बाजूला आहे, पण काकूंच्या हातचे शर्ट जास्त टिकतात. त्याचं श्रेय मिठाला जाऊ नये एवढंच.

अंतिम परीक्षक मात्र या दोघांपैकी कोणी नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई पाटी घेऊन दुपारी गल्लीत येते, ती. तिला ना ब्रँड कळतो ना ती लेबल बघते. कपडा दोन्ही हातांत धरून उजेडापुढे करते, एकदा ताणते, चुरगाळून सोडते आणि भाव बोलते. काकूंच्या जुन्या सुती साडीवर तिने झाकणाचा डबा दिला. माझे तीन जवळजवळ नवे टी-शर्ट पुढे केले तेव्हा तिने एक उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाली, "आनुं तो पोतुंय ना थाय." याची लादी पुसायची फडकी पण व्हायची नाहीत. खरं आहे, पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, ते नुसतं इकडचं तिकडे ढकलतं. नाना जिन्यात उभे राहून ऐकत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ही बाई आमच्या फोल्डिंग खात्यात असती तर मला हेडक्लार्क कधीच होता आलं नसतं.

ज्यांना आपल्या शर्टाची तपासणी करून घ्यायची असेल त्यांनी रविवारी सकाळी नानांकडे यावं. शुल्क नाही, चहा मिळतो. शर्ट उलटा करूनच आणावा, आणि बिल घरी ठेवावं; आकडा बघितला की नानांचा रक्तदाब वाढतो आणि मग काकू आमच्यावर चिडतात.