पावती आणि पोचपावती

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. तक्रार छोटी आहे, पण मनाला लागलेली आहे. या सर्व्हरचा लॉग खोटं लिहीत नाही, तरी तो वाचणाऱ्याला खोटं बोलायला लावतो.

मार्केटिंगच्या काकांनी विचारलं, "साडेदहाला कोटेशन टाकलंय, गेलं का रे?" मी पोस्टफिक्सचा, म्हणजे सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग उघडला. साडेदहाच्या ओळींच्या मधोमध पहाटे पाचच्या ओळी. पोस्टफिक्सचे काही भाग बंद खोलीत ठेवल्यासारखे वेगळे चालवतात. त्या खोलीत आपल्या वेळेची फाइल ठेवायची राहिली, तर ते भाग यूटीसी वेळ लिहितात, साडेपाच तास मागची. ओळ सापडली: ‘स्टेटस सेंट’, शेजारी २५०. म्हटलं, "गेलंय, काका."

चाकणच्या गिऱ्हाइकाला ते मिळालंच नव्हतं.

रात्री तीच ओळ पुन्हा वाचली. रिले १२७.०.०.१, पोर्ट १००२४. १२७.०.०.१ म्हणजे आपलाच सर्व्हर. व्हायरस तपासणाऱ्या फिल्टरच्या हातात पत्र दिलं, एवढाच त्या ‘सेंट’चा अर्थ. फिल्टरमधून परत येताना पत्राला नवा क्यू आयडी, म्हणजे रांगेतला नवा नंबर, मिळतो आणि बाहेरचा प्रवास त्या आयडीवर होतो. तो आयडी शोधला तर पुढे ‘डिफर्ड’, पलीकडचा सर्व्हर जोडणीच घेत नव्हता. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि कुणी सेटिंग बदललं नसेल तर तोवर पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही. काका निर्धास्त होते ते माझ्या शब्दावर.

आणि पत्र खरंच बाहेर पडलं तरी २५० चा अर्थ एवढाच, की पुढच्या सर्व्हरने जबाबदारी घेतली. एसएमटीपी या मेलच्या नियमावलीचा १९८२ चा दस्तऐवजही हेच सांगतो. ते पत्र इनबॉक्समध्ये पडलं की स्पॅममध्ये, हे आपल्या लॉगला कधीच कळत नाही. पोस्टाच्या खिडकीवर मिळते ती पावती. पोचपावती वेगळी असते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. मग फिल्टरकडे देणं आणि बाहेरच्या सर्व्हरने घेणं, या दोन्हींना लॉगमध्ये ‘सेंट’ हा एकच शब्द का? ‘फिल्टरकडे दिलं’ असं लिहिलं असतं, तर त्या सकाळी मी काकांना थांबवलं असतं.

आता दोन्ही आयडी जुळवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. काका विचारतात, "गेलं का रे?" मी म्हणतो, "आपल्याकडून निघालं, काका. पोचलं का, ते चाकणला फोन करून विचारा."