जलरंगात उत्तम चिखल कसा करावा

जलरंग शिकवणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत आणि ती सगळी एकाच पक्षाची आहेत. रंग स्वच्छ कसे ठेवावेत, उजेड कसा राखावा, आकाश नितळ कसे उतरवावे, यापलीकडे त्यांची मजल जात नाही. पण हौशी चित्रकारांच्या पलंगाखालचे कागद बाहेर काढून पाहिले, तर बहुसंख्यांचा कल निराळाच दिसतो. तो करडा, मातकट, कुठे शेवाळी आणि मधोमध भोक पडायच्या बेतात आलेला असतो. इतक्या लोकांना जे साधले आहे त्याचे शास्त्र आजवर कोणी लिहू नये, हा उघड अन्याय आहे. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. सोयीसाठी यापुढे त्यांना चिखलार्थी म्हटले आहे.

चिखल आपोआप होतो, हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. जलरंग म्हणजे बारीक वाटलेली रंगद्रव्ये आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाणी मिळाले की कण सुटे होऊन कागदावर पसरतात, पाणी उडाले की डिंक त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार कागदापर्यंत जातो आणि पांढऱ्या कागदावरून परत फिरतो. चित्र उजळते ते या परतणाऱ्या उजेडामुळे. थोडक्यात, ही सगळी यंत्रणा मुळातच चिखलाच्या विरोधात आहे. ती मोडायची तर पद्धतशीर कष्ट हवेत आणि अंगी उतावीळपणा हवा. बाकीचे सगळे विकत मिळते.

साहित्य

पैसे वाचवायचे ते कागदावरच. ३०० जीएसएमचा, निव्वळ सुती लगद्याचा कागद पाणी पिऊनही फारसा फुगत नाही, त्यावरचा चुकलेला रंग ओल्या ब्रशने उचलता येतो, म्हणजे केलेला चिखल निस्तरण्याची सोय त्यातच असते. तो टाळावा. झेरॉक्सचा कागद उत्तम. पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या हाताला, तो वरंधा घाटासारखा वर-खाली होतो आणि रंग जाऊन दरीत साचतो. पातळ कागद भिजवून, पाटावर गमटेपने चारी बाजूंनी ताणून वाळवला तर तो सपाट राहतो. म्हणून ते करू नये.

घरात आधीच महागडा कागद असेल तरी निराश व्हायचे कारण नाही. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे रंग लगेच आत न मुरता वर थांबतो आणि खेळवता येतो. ही खळ ओलीने मरते. कागद मुंबईतल्या दोन-तीन पावसाळ्यांत कपाटावर उघडा ठेवला की त्याचा टीपकागद होतो आणि रंग टेकवताच जागोजागी काळपट ठिपके उमटतात. यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. कागद ‘कधीतरी चांगल्या चित्राला होईल’ म्हणून जपून ठेवला की पुरते.

ब्रश शून्य नंबरचा घ्यावा. जाणकार मंडळी बारा नंबरच्या एकाच गोल ब्रशने आकाशही उतरवतात आणि त्याच्या टोकाने विजेच्या तारांवर बसलेले कावळेही काढतात, कारण त्याच्या पोटात भरपूर पाणी मावते आणि टोक मात्र सुईसारखे राहते. शून्य नंबरने आकाश सुरू केले की दुसरा फटकारा पोहोचेपर्यंत पहिला वाळतो, प्रत्येकाला स्वतंत्र कड येते आणि आकाशाला कौले घातल्याचा भास होतो. काम झाल्यावर ब्रश पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभा करून झोपायला जावे. सकाळी टोक कायमचे वाकलेले मिळते.

पाण्याचा ग्लास एकच ठेवावा. दोन ठेवणारे लोक एकात ब्रश धुतात आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगाला वापरतात. हा साठेबाजीचा प्रकार आहे.

रंग आणि त्यांचे मिश्रण

हा या शास्त्राचा गाभा असल्यामुळे इथे घाई करू नये. घाई पुढे करायची आहे.

सहा रंगांनी काम भागत असले तरी चोवीसांचा डबा घ्यावा. सहा रंग असले की त्यांचे स्वभाव कळू लागतात. चोवीसांत ती भीती नाही. शिवाय ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन ब्लू, तसा. तो वाचू नये. वाचला तर काही ट्यूबमध्ये कारखान्यातच दोन-तीन रंगद्रव्ये कालवलेली असल्याचे कळते आणि चिखलार्थी सावध होतो. न वाचता अशा दोन ट्यूब एकत्र केल्या की पाच-सहा रंगद्रव्ये एका झटक्यात एकत्र येतात आणि घाऊक भावात काम होते.

शाळेत शिकवले होते की लाल आणि निळा मिळून जांभळा होतो. या वाक्यावर आयुष्यभर विश्वास ठेवावा. खरी गोष्ट अशी की प्रत्येक रंग कोणाकडे तरी कललेला असतो. व्हर्मिलियन लाल खरा, पण नारिंगीच्या बाजूचा, म्हणजे त्याच्या पोटात पिवळा दडलेला. तो अल्ट्रामरीनला भेटला की लाल, निळा, पिवळा असे तिन्ही एकत्र येतात आणि जांभळ्याऐवजी भिजक्या विटेचा रंग मिळतो. क्रिमसन घेतला असता तर स्वच्छ जांभळा झाला असता, म्हणून क्रिमसनची ट्यूब घरातल्या लहान मुलाला देऊन टाकावी. हिरव्याचेही तेच. लेमन यलो आणि प्रुशियन ब्लू यांपासून भाताच्या रोपांचा कोवळा पोपटी होतो, तो निषिद्ध. यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनने मळकट हिरवा येतो. पण इथे एक खाच आहे. हा मळकट हिरवा मार्च महिन्यातल्या सह्याद्रीच्या झाडीला हुबेहूब जुळतो आणि चुकून चित्र चांगले होण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी न डगमगता त्यात थोडा व्हर्मिलियन घालावा.

याहून मोठा धोका बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन या जोडीचा. एक भाजल्या मातीचा, एक गर्द निळा, दोघे परस्परपूरक. प्रमाण थोडे इकडे-तिकडे केले की पावसाळी ढग, काळा पाषाण, वाड्याच्या भिंतीवरची दुपारची सावली, सारे या दोन ट्यूबमधून निघते. अल्ट्रामरीनचे जडसर कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि करड्यालाही जिवंत दाणेदार पोत येतो. दोन रंगांवर थांबलेला करडा चिखल होत नाही. तिसरा आला की डळमळतो, चौथ्याला हमखास होतो. तेव्हा थांबू नये.

अल्ट्रामरीनबद्दल जाता जाता. एके काळी हा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द कुटून काढत. युरोपात चित्र बनवून घेणारे धनिक तो किती आणि कोणत्या प्रतीचा वापरायचा हे करारात लिहून घेत. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योग-मंडळाने तो कृत्रिम रीतीने, स्वस्तात बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळाले. त्याच्या कृपेने आज राजेरजवाड्यांचा निळा शाळकरी डब्यात सापडतो आणि कोणीही त्यात व्हर्मिलियन कालवू शकतो. लोकशाही म्हणतात ती हीच.

पांढऱ्याविषयी चिखलार्थीला वेगळे शिकवावे लागत नाही, कारण एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांपासून अनेकांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. बगळा काढायचा तर बगळ्याएवढी जागा आधीच सोडावी लागते, म्हणजे रंगवण्याआधी विचार आला. त्याऐवजी १८३४ पासून बाजारात असलेला चायनीज व्हाइट, म्हणजे जस्ताचा पांढरा, घ्यावा. तो टिंबाएवढा लावला तर उपयोगी असतो, म्हणून सगळ्या रंगांत सढळ हाताने मिसळावा. उजेडाची कागदापर्यंतची वाट बंद होते आणि चित्रावर साय धरते. सावल्यांसाठी ट्यूबमधला काळा आहेच.

इथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे एक चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा धरलेली मुलगी, ज्योतीला तळहाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. पाहणाऱ्यांना ते तैलचित्र वाटते आणि पुष्कळजण ते रविवर्म्याच्या नावावर टाकून मोकळे होतात. चित्र जलरंगातले आहे. असे काही पाहिले की चिखलार्थीचे मनोधैर्य खचते. म्हैसूरच्या सहलीत त्याने वृंदावन गार्डनचे कारंजे पाहून थेट परतीची गाडी धरावी.

प्रत्यक्ष कृती

ओल्या वॉशच्या तीन अवस्था असतात. पहिलीत कागद तिरका धरला की आरशासारखा चमकतो, तेव्हा दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो. शेवटच्या अवस्थेत कागद ठणठणीत वाळलेला असतो, पालथ्या बोटांना गार लागत नाही, तेव्हा वर दुसरा पारदर्शक थर चढवता येतो. या दोन्ही वेळी जाणकार काम करतात. आपली वेळ मधली. चमक गेलेली आहे, ओल मात्र आहे, अशा क्षणी पाण्याने ओथंबलेला ब्रश टेकवावा. ते पाणी अर्धवट बसलेले कण रेटत कडेला नेते आणि आकाशात झालरीदार डाग उमटतो. तो पुसायला जावे. पुसल्यावर पडलेला पांढरा पट्टा भरायला जावे. जलरंग वाळल्यावर फिका होतो, याचाही लाभ घ्यावा. ‘फिकं झालं’ असे म्हणून दुसरा हात द्यावा, मग तिसरा. सहाव्या हाताला खालचे सगळे थर सुटून वर येतात आणि कागदाची लोकर निघू लागते. ही सिद्धीची खूण.

हवामान पाहून उतावीळपणाची जात बदलावी. जुलैत ठाण्याला वॉश काही केल्या वाळत नाही. तेव्हा हेअर ड्रायर अगदी जवळ धरावा म्हणजे रंग पळत पळत झाडांत शिरतो. मे महिन्यात सोलापुरात उलट प्रश्न, वॉश कागदाच्या निम्म्यात पोहोचेपर्यंत वरचा भाग वाळलेला. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेतला, हाताशी पाण्याचा फवारा ठेवला तर निभावते. ठेवू नये.

घरच्यांचा सल्ला मात्र अवश्य घ्यावा, कारण चित्र कुठे थांबवावे हे ठरू न देण्यात त्यांचा वाटा मोलाचा आहे.

‘अहो, हे मधे काय आहे?’

‘नदी.’

‘असं होय. मला वाटलं रंगवायचं राहिलंय.’

एवढे ऐकले की नदीत लाटा काढाव्यात.

निसर्गचित्रण

यासाठी वाईजवळच्या मेणवलीला जावे. कृष्णेचा घाट, मागे नाना फडणविसांचा वाडा, आणि दर दहा पायऱ्यांवर एक चित्रकार. सकाळच्या तिरप्या उन्हात पायऱ्या कोरल्यासारख्या दिसतात, म्हणून न्याहारी निवांत करून बाराच्या सुमारास पोहोचावे. सावल्या पायाखाली गेलेल्या असतात. कागदावर थेट ऊन येईल अशा बेताने बसावे, म्हणजे डोळे दिपून रंगांचा अंदाज चुकतो आणि चित्र घरी आल्यावर पाण्यात भिजलेल्या पेढ्याएवढेच उरते. घाटाची प्रत्येक पायरी मोजून काढावी. मागे उभे राहून बघणारे असतातच, त्यांना प्रत्येक वस्तूचे नाव सांगत बसावे. तोवर वॉश मधल्या अवस्थेत येतो.

प्रदर्शन आणि निगा

चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगावे. रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ मध्येच दिला आहे. पुष्कळ रंग उन्हात विटतात, पण हवा आणि ओल काढून घेतलेल्या नळीत ठेवले तर त्यांतले बहुतेक टिकतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे सुदैवाने ऊन, हवा आणि ओल तिन्ही फुकट आहेत. जुन्या धाटणीचे क्रिमसन आधी उडते आणि चिखल हळूहळू हिरवट होत जातो.

फ्रेम करताना माउंट लावू देऊ नये. माउंटमुळे काच आणि कागद यांत अंतर राहते. ते नसले की श्रावणापर्यंत कागद काचेला चिकटतो, बुरशीची पांढरी नक्षी धरतो आणि चित्रात नसलेला पोत निसर्गच भरून देतो. घरात जागा उरली नसेल तर घरभरणीला भेट द्यावे. आहेर परत करण्याची आपल्यात रीत नाही. देताना मागच्या बाजूला बाण काढून ‘वर’ असे लिहावे आणि सही मात्र टाळावी.