दोरीवर आडवा वाडा

(स्थळ: कराड. दोन बंगल्यांमधली कंबरेएवढी भिंत. वेळ: कपडे वाळत घालायची. आक्कांचं माहेर वाईकडचं, वैनींचं आटपाडीकडचं.)

आक्का: अगं वैनी, दोरीवर काय टांगलंयस ते? वाडा हाय का काय?

वैनी: टॉवेल आहे, आक्का. पुतणीचा नवा धंदा. जुन्या वाड्यांचे, घरांचे फोटो टॉवेलवर छापायचे आणि गणपतीपुळ्याला, गुहागरला जाणाऱ्यांना विकायचे. बीच टॉवेल म्हणतात त्याला.

आक्का: मग हा कुशीवर का झोपलाय?

वैनी: टॉवेल अडीच फूट रुंद, पाच फूट लांब. वाडा पसरट, म्हणून लांबीच्या अंगानं छापलाय. वाळूवर अंथरला की नीट दिसतो, दोरीवर टाकला की आडवा होतो.

आक्का: लांबीच्या कडेला चिमटे लाव की. बघू... अगंबाई, मेणवली! नाना फडणवीसांचा वाडा. वाईपासनं तीन किलोमीटर, चालत जायचो आम्ही. खाली कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि ती भली थोरली घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तिथनं आलेली. ‘स्वदेस’चं शूटिंग तिथलंच. पण एवढ्या कारभारी माणसाच्या दारात ओल्या चड्डीनं बसायचं?

वैनी: पुतणीला मी हेच म्हटलं. ती म्हणते, काकू, लोक पर्यटनाला जाऊन तिथल्या ओट्यावर बसतातच की.

आक्का: ओट्यावर बसणं निराळं. आणि ज्यांचा वाडा, त्यांना विचारलं का फोटो छापू म्हणून?

वैनी: अजून नाही. म्हणून हा नमुन्याचा एकच काढलाय.

आक्का: आण इकडं. हे काय गं, गुळगुळीत! पाणी टिपतंय का?

वैनी: तिथंच तर घोडं अडलंय. फोटो छापायची स्वस्त रीत म्हणजे आधी कागदावर छापायचा आणि दोनशे अंशांच्या आसपास तापवून कापडावर दाबायचा. तो रंग पॉलिस्टरलाच धरतो, सुताला धरत नाही. सुतावर छापायचं तर रंग वेगळे, मग वाफ द्यायची, धुवायचं. खर्च वाढतो, आणि छापणारे म्हणतात, ऑर्डर मोठी आणा.

आक्का: म्हणजे पुसतो त्यावर वाडा नाही, वाडा आहे तो पुसत नाही. आपला सोलापुरी टॉवेल घे म्हणावं. चादरीसारखंच त्यालाही जीआय मानांकन मिळालंय. एकदा अंग पुसलं की थेंब राहत नाही.

वैनी: त्याला वाळू चिकटते, आक्का. याची झटकली की जाते.

आक्का: बरं, अजून कुठली घरं घेतलीत?

वैनी: आमच्या माडगूळचा ‘बामणाचा पत्रा’. गदिमांच्या शेतातलं पत्र्याचं घर. गदिमांचा जन्म शेजारच्या शेटफळ्याचा, १९१९ चा. पत्र्याच्या घराला कोण विचारतंय, म्हणत होते सगळे. पण पुण्याच्या आकाशवाणीवरची त्यांच्या गीतरामायणाची ५६ गाणी ज्यांना पाठ, ती माणसं माडगूळला गेली की आधी पत्रा विचारतात.

आक्का: आटपाडीचं घर समुद्रावर! माणदेशात प्यायच्या पाण्याची ओरड, आणि तिथल्या पत्र्यावर लोळून लोक ओलं अंग वाळवणार.

वैनी: हसा. देवराष्ट्र्याचंही घेणार होती. यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, १९१३ साली ते तिथंच जन्मले. मग नायगावचं सावित्रीबाईंचं घर...

आक्का: थांब! तिथं हात जोडायचे असतात. सावित्रीबाईंच्या उंबऱ्यावर ढुंगण टेकून कणीस खाणार कुणी? तिला सांग, हे दोन सोड.

वैनी: मी सांगितलं. लगेच ऐकलं तिनं. आता म्हणते, थोरामोठ्यांचं राहू दे. ज्यांना पाहिजे, त्यांच्या स्वतःच्या गावाकडच्या घराचा छापून देते. मुंबईची, पुण्याची माणसं हौसेनं घेतील.

आक्का: माझ्या माहेराचा होईल? सोपा, मधी चौक, मागं गोठा. आमच्या आजोबांनी बांधलेला.

वैनी: होईल की. फोटो आहे?

आक्का: फोटो काढायला आत जावं लागंल. दोन वर्षं झाली भावानं बोलवून. २००५ च्या कायद्यानं लेकीला लेकाएवढा वाटा दिला, म्हणून त्यानं आदी हक्कसोडपत्रावर सही घेतली. रजिस्ट्रार कचेरीतनं परत येताना रस्त्यात साडी घेतली, आणि वर म्हणला, रंग तुझ्या आवडीचा घे.

वैनी: आणि तुम्ही केली सही?

आक्का: केली. न केलेली बहीण माहेराला तुटते गं. सगळ्या आळीनं केलीय. तू केलीस का न्हाई?

वैनी: ...केली. मला पैठणी दिली.

आक्का: मग झालं तर. माझा वाडा साडीत गेला, तुझा पैठणीत. आता टॉवेलात तरी परत येऊ दे. तुझ्या पुतणीला सांग, दोन छाप. पॉलिस्टर चालंल, मला काही अंग पुसायचं न्हाई.

वैनी: दोन कशाला?

आक्का: एक मला. दुसरा भाऊबीजेला भावाला ओवाळणीच्या ताटात ठेवते. म्हणावं, दादा, वाटणी सारखी झाली बघ. तुला पण एक वाडा, मला पण एक.