घाट उतरून घाट चढणे

मला बस लागते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी मात्र ते रेल्वेवरचं प्रेम म्हणून खपवतो. म्हणूनच भाच्याचा साखरपुडा नाशिकला ठरला तेव्हा, "तुम्ही या धक्के खात, आम्ही रुळांवरून येऊ," असं मी ऐटीत जाहीर केलं.

पुण्याहून नाशिक रस्त्यानं साधारण २१० किलोमीटर. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. दोन्ही गावं सह्याद्रीच्या माथ्यावर, एकाच पठारावर. मधे थेट रूळ तेवढे नाहीत. म्हणून गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरते, कर्जतला कोकणाचा घाम काढते, कल्याणला वळते आणि कसाऱ्याहून थळघाट चढून पुन्हा त्याच पठारावर येते. दोन्ही घाटांचा चढ ३७ फुटांना एक फूट! इंग्रजांनी १८६०च्या दशकात हे दोन्ही फाटे काढले ते माल मुंबईच्या धक्क्यावर पोचावा म्हणून. पुण्याच्या मामाला नाशकात जिलबी खायला वेळेवर पोचायचं असेल, हे त्यांच्या हिशेबात कुठून असणार?

आमची गाडी पुण्यातूनच उशिरा निघाली. पुढे हिला बाजूला उभी करून मागच्या मेलला वाट दिली. बायकोनं आळेफाट्याहून चहाचा फोटो पाठवला. मी उत्तरादाखल कर्जतचा वडा पाठवला, तोपर्यंत जिंकत होतो.

मग बहिणीचा फोन. "दादा, कुठे आहेस?"

"कल्याणला."

"अरे, साखरपुडा नाशिकला आहे!"

कसाऱ्याला घाट चढवण्यासाठी मागून बँकर इंजिनं लागतात. ती येईपर्यंत माझ्या फोनवर नवरी मुलगी आली, अंगठ्या आल्या, शेवटी नुसती जिलबी आली. डब्यातल्या शेजाऱ्याला मी बँकरचं तंत्र समजावत होतो. तो झोपला होता, हे उशिरा लक्षात आलं.

नाशिकरोडला उतरलं म्हणजे नाशिकला पोचलं असं नाही, गाव अजून आठ-नऊ किलोमीटर पुढे. रिक्षा मिळेना, म्हणून ती वाट बसनं केली. बस लागली.

कार्यालयात पोचलो तेव्हा पंगती उठून टेबलं पुसणं चाललं होतं. एका ताटात गार मसालेभात पुढे आला. तरीही मी रेल्वेची बाजू सोडली नाही. पुणे-नाशिक थेट मार्गाचा २३५ किलोमीटरचा आराखडा झालेला आहे, पण नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आकाशगंगांचे क्षीण संदेश टिपणाऱ्या त्या यंत्राला गाड्यांच्या विजेचा व्यत्यय होईल, म्हणून मार्ग बदलायचं घाटतंय, असं सगळं मी पोटातली मळमळ दाबत सांगितलं.

बहिणीचे सासरे सुपारी कातरत शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "इतक्या लांबचं ऐकू येतं तिला? मग कसाऱ्याहून तिलाच कळवायचं होतंत. पंगत थांबवली असती आम्ही."