पाचवी बॅटरी आणि मागचा मामा

छत्तीसगडात कुरुद दोन आहेत. एक धमतरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. दुसरं भिलाईतलं, कोहक्याला लागून. ताई दुसऱ्यात राहते. वाटेत डोंगरगड आलं तेव्हा गाडीच्या खिडकीतूनच बम्लेश्वरी देवीला हात जोडले. ते किती उपयोगी पडणार होते, हे ताईकडे पोचल्यावर कळलं. भाच्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती.

“मामा, गाडी झकास आहे, पण पळतच नाही!”

ती पळत नाही म्हणून तर तिचे लाड. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नव्हे. ना नंबरप्लेट, ना लायसन. पण १९५९ पासून धगधगणाऱ्या पोलादभट्ट्यांच्या आणि १३० मीटरचा अखंड रूळ काढणाऱ्या गावात राहून ताशी पंचवीस? भाच्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

भिलाईतल्याच सुपेल्याच्या मिस्त्रीने आधी सीटखालची एक पांढरी वायर उपटली. ही वेग रोखणाऱ्या लिमिटरची. मग कंट्रोलर उघडला. आत शंट नावाची जाडसर तार असते. करंट किती जातो ते तिच्यावरून कळतं. तिच्यावर मिस्त्रीने कथलाचं पूट चढवलं. आता करंट जाणार जास्त, कंट्रोलरला दिसणार कमी. रस्त्याच्या कंत्राटात खडी नेमकी याच्या उलट मोजतात. शेवटी बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांना पाचवी जोडली. अठ्ठेचाळीसचे साठ झाले.

“कका, अब उडही!” मिस्त्री म्हणाला आणि माझ्या पोटाकडे बघून गप्प झाला.

पाचवी बॅटरी डिकीत बसली, त्यामुळे हेल्मेट माझ्या मांडीवर आलं. व्होल्ट सव्वापट म्हणजे वेगही सव्वापट, म्हणजे एकतीस. सगळा खटाटोप सहा किलोमीटरसाठी! बरं, हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. सव्वापट वेगाला ती जवळपास दुप्पट लागते. ब्रेक मात्र पंचविसाच्याच बेताचे.

“आणि आता ही कायद्याने मोटार वाहन झाली,” मी मागून ओरडलो. “नोंदणी, विमा, लायसन सगळं लागेल! बेकायदा बदल केला तर दर बदलामागे पाच हजार दंड, वर कैदही होऊ शकते! तुझे बदल तीन झाले!”

“मामा, हे महाराष्ट्र नाही!”

“मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे रे!” २०२२ साली आमच्याकडे परिवहन खात्याने अशा वेग वाढवलेल्या गाड्यांवर मोहीम काढली होती, तीही याच कायद्याच्या जोरावर.

रुळांपलीकडे कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ऐसपैस रस्ते आहेत, पण आम्ही अलीकडे. काटा अठ्ठावीसवर गेला आणि गाय आडवी आली. एकोणतिसावर स्पीडब्रेकर. तिसावर लग्नाचा मांडव. भाच्याने लिमिटर काढला, कुरुदने जागोजागी नवे बसवले. अखेर कोहक्याच्या वाटेवर मोकळा पट्टा लागला, काटा एकतीसला टेकला आणि सीटखाली फट्ट झालं. धूर निघाला.

ढकलत परत सुपेला. मिस्त्रीने कंट्रोलरमधला फुटलेला कपॅसिटर चिमट्यात धरून दाखवला. त्याच्या अंगावर स्वच्छ छापलं होतं: ६३ व्होल्ट. आणि पाच बॅटऱ्या पुऱ्या चार्ज झाल्या की भरतात पासष्ट. मिस्त्रीला याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याला हुरूप आला.

“बहत्तर का कंट्रोलर डाल देते हैं. फिर छठी बैटरी भी लग जाएगी.”

“ठेवायची कुठे?” भाच्याने विचारलं.

डिकी भरलेली, पायाखाली जागा नाही. दोघांनी गाडी मागून-पुढून न्याहाळली आणि दोघांची नजर एकदमच मागच्या सीटवर, म्हणजे माझ्यावर, येऊन थांबली.

“वजन भी कम होगा,” मिस्त्री म्हणाला.

त्या गाडीत केलेली ही पहिलीच कायदेशीर सुधारणा. मी ताबडतोब खाली उतरलो आणि दुर्ग स्टेशनसाठी रिक्षा बोलावली.