सापाच्या वाटेला
पावसाळ्यात राजगडाची चोरदरवाजाची वाट उतरलेल्या माणसाला व्हिएतनामचे डोंगर काय शिकवणार, असं आमचे दाजी हनोईपासून ऐकवत होते. तेही आडवं पडून. कारण हनोईहून सापाला जाणाऱ्या बसमध्ये बसायची सोयच नाही. दारातच बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि व्हिएतनामी उंचीच्या बिछान्यात स्वतःला कोंबायचं. दाजींचे गुडघे पाच-सहा तास त्यांच्या हनुवटीशी गप्पा मारत होते.

सापा आहे दीड हजार मीटर उंचीवर. हनोईचा उकाडा सोसेना म्हणून फ्रेंच साहेबानं हे थंड हवेचं ठिकाण वसवलं. त्याचं दगडी चर्च अजून चौकात उभं आहे. बाकी गावात हॉटेलं, आणि हॉटेलं नाहीत तिथे होऊ घातलेली हॉटेलं. धुक्यात समोरचं काही दिसत नाही हा सापाचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

"आदिवासी संस्कृती डोळे भरून पाहायची, पण खरेदीच्या भानगडीत पडायचं नाही," असं दाजींनी चौकातच बजावलं. तेवढ्यात काळ्या ह्मोंग जमातीच्या बायकांनी आम्हाला घेरलं. घरी रंगवलेले गडद निळे कपडे, चांदीच्या रिंगा, पाठीला टोपली आणि निळीत बुडवून बुडवून निळेच झालेले हात. कुठले तुम्ही? वय काय? मुलं किती? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशीनं करावी तशी चौकशी, आणि तीही फर्ड्या इंग्रजीत! नव्वदच्या दशकात परदेशी पाहुणे येऊ लागले. त्यांच्याशी बोलता बोलता रस्त्यावरच शिकलेली ही भाषा. आम्ही त्यांना पाहायला आलो होतो खरे; पण आमच्यासारखे त्यांनी किती पाहून ठेवले असतील!

मुओंग होआच्या खोऱ्यात उतरलो. डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी कोरलेला, खाचरं हिरवीगार. एवढ्या थंडीत भाताचं पीक वर्षाला एकच निघतं, आणि ते घेण्यासाठी माणसांनी अख्खा डोंगर हातानं घडवलाय. दाजी याच विषयावर काही भारदस्त बोलणार होते, पण पहिल्याच उतारावर त्यांचे महागडे ट्रेकिंगचे बूट त्यांना सोडून पुढे निघाले. चौकातल्या बायकांपैकी सोबत चालत आलेल्या एका म्हातारीनं त्यांचा हात पकडला. तिच्या पायात प्लास्टिकच्या चपला. चालता चालता अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्यांना धागे जोडायचं तिचं काम चालू होतं, ते एवढ्यापुरतं थांबलं. मग तिनं वाटेवरचं गवत खुडून एक घोडा विणला आणि दाजींना दिला. फुकट.

लाओ चाय गावात जेवायला टेकलो. शाकाहारी म्हणून सांगितलेल्या कोबीला माशाच्या पाण्याचा वास येत होता. त्याबद्दल फार न बोललेलं बरं. जेवण संपलं आणि म्हातारीनं टोपली उघडली. "माझ्याकडून घेणार ना?" दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गवताच्या घोड्याकडे. मग त्यांनी तीन पर्सा, एक उशीचा अभ्रा आणि एक पट्टा घेतला. आमच्या ताईनं तुळशीबागेचा सगळा अनुभव पणाला लावला, पण तीनशे-साडेतीनशे रुपयांना लाखभर डोंग होतात. घासाघीस नेमकी कितीची चाललीय हेच तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फान्सिपान शिखर. उंची ३,१४७ मीटर. पूर्वी चढून यायला दोनेक दिवस लागत. २०१६पासून सहा किलोमीटरहून लांब रोपवे पाव तासात वर नेऊन सोडतो. पुढच्या सहाशेक पायऱ्या चढून दाजींनी शिखरावर झेंडा धरून फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर "फत्ते" असं लिहून पाठवला. रोपवे फोटोत येणार नाही याची काळजी घेतली होती.

परतीच्या बसपाशी आणखी एक ह्मोंग बाई टोपली घेऊन आली. दाजींनी विजयी मुद्रेनं पर्सा दाखवल्या, "झाली खरेदी!"

बाईनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "या तिच्याकडून घेतल्यात. माझ्याकडून कुठे घेतलंत?"

दाजी थोडा वेळ विचारात पडले. मग पाकीट काढत मला म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे हो तिचा."