तिसऱ्या दशांशाचा काटा

मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. झेरॉक्ससाठी वापरतात त्या ७५ जीएसएम कागदाचा १ चौरस सेंटिमीटरचा तुकडा साडेसात मिलिग्रॅम भरतो, तांदळाचा एक दाणा साधारण २०. जुन्या मोजमापात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. त्या हिशेबाने एक गुंज १२१ मिलिग्रॅमच्या आसपास येते. एवढ्या भरड मापावर सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या दागिने घडवले, वैद्यांनी भस्मे दिली आणि त्यांच्याबद्दल तक्रार करायला काही रुग्ण शिल्लकही राहिले. आज मात्र घरी अत्तर मिसळणारा, कुंडीतल्या रोपाला बोरॉन देणारा किंवा अगार-अगारचा घट्टपणा जमवू पाहणारा हौशी माणूस गुंजेच्या शंभराव्या भागासाठी अडून बसतो. त्याच्यासाठी बाजारात खिशात मावणारा मिलिग्रॅमचा काटा मिळतो.

हा काटा विकत घेताना पहिली भुरळ पडते ती पडद्यावरच्या आकड्यांची. ०.००१ असे लिहिलेले असले की ग्राहक ते अचूकतेचे वचन समजतो. प्रत्यक्षात तो केवळ पडद्याचा सर्वांत लहान टप्पा असतो. काटा किती बारीक आकडा दाखवतो, तेच वजन पुन्हा ठेवल्यावर तोच आकडा दाखवतो का, आणि तो आकडा खरा असतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर खोक्यावर ठळक छापतात. उरलेल्या दोहोंची उत्तरे ग्राहकाने घरी शोधायची असतात. स्वस्त काट्याचा आकडा दोन-चार मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणार, हे धरूनच चालावे. ३ मिलिग्रॅमची चूक १ ग्रॅमवर ०.३ टक्के, १०० मिलिग्रॅमवर ३ टक्के आणि १० मिलिग्रॅमवर ३० टक्के होते. काटा तोच, चूक तीच. जिन्नस जितका कमी तितकी ती अंगावर येते.

यंत्राची रचना साधी आहे. पारड्याखाली धातूची छोटी पट्टी असते. भार पडला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक जाळीचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचा आकडा होतो. प्रयोगशाळेतल्या महागड्या काट्यात पारडे विद्युतचुंबकाच्या बळावर जागच्या जागी तोलून धरतात. तिथे किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. स्वस्त काट्यातली पट्टी नाजूक असते, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा पारड्यावर बोट दाबून ‘चालतो का?’ असे विचारतो. २० ग्रॅम क्षमतेच्या पट्टीवर अर्ध्या किलोचे कुतूहल पडले की ती कायमची वाकते, आणि प्रश्नाचे उत्तर ‘आता नाही’ असे होते.

क्षमता निवडताना भांड्याचेही वजन धरावे लागते. घरातली चटणीची स्टीलची वाटीसुद्धा २० ग्रॅमच्या काट्याला झेपत नाही. ५० ग्रॅमचा काटा अधिक सोयीचा. त्यावर हलकी धातूची ताटली किंवा बटर पेपरचा दुमडलेला तुकडा ठेवावा. प्लास्टिकचा चमचा टाळलेला बरा. कोरड्या हवेत त्याच्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि पारड्यावर काहीही न ठेवता आकडे चढू-उतरू लागतात.

खरी खरेदी काट्याची नसून वजनाची असते. सोबत फुकट मिळणारे चकचकीत वजन कोणत्या वर्गाचे आहे, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत २० ग्रॅमच्या एम१ वजनाला अडीच मिलिग्रॅम, एफ२ला ०.८ आणि एफ१ला ०.२५ मिलिग्रॅम चूक माफ असते. म्हणजे मिलिग्रॅमचा काटा एम१ वजनाने जुळवणे हे गावातल्या सर्वांत गप्पिष्ट माणसाकडून वेळ विचारून घड्याळ लावण्यासारखे आहे. एक एफ२ वजन वेगळे घ्यावे आणि ते चिमट्यानेच उचलावे. बोटांचा घाम वजनाचे वजन बिघडवतो. जिथे वापरायचे तिथेच काटा जुळवावा, कारण तो वस्तुमान मोजत नाही, गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोजतो. मुंबईत जुळवलेला काटा महाबळेश्वरला नेला, तर २० ग्रॅमच्या वजनात काही मिलिग्रॅमची घट दाखवील. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन वजन घटल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

नवा काटा घरी आला की पंखा बंद करावा, ओट्यासारखा न हलणारा सपाट पृष्ठभाग निवडावा आणि काटा चालू करून थोडा वेळ तसाच ठेवावा. मग तेच वजन दहादा ठेवून उचलावे व आकडे लिहावेत. त्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा यांतले अंतर म्हणजे काट्याचा स्वभाव. नंतर तेच वजन पारड्याच्या चारही कडांना सरकवून पाहावे. शेवटी आधीच १० ग्रॅम भार असताना १०० मिलिग्रॅम वाढवले, तर वाढही तेवढीच दिसते का, हे तपासावे. लहान वजन नसेल तर ७५ जीएसएम कागदाची २ बाय ५ सेंटिमीटरची पट्टी कापावी. ती ७५ मिलिग्रॅमच्या जवळपास भरते. पावसाळ्यात मात्र कागद हवेतले पाणी पिऊन जड होतो, त्यामुळे त्याची साक्ष बेताचीच मानावी.

या काट्यांची एक खोड पूर्वीच्या वाण्यांनाही सुचली नव्हती. शून्याजवळचा हळूहळू होणारा बदल हा बिघाड समजून काटा तो आपोआप पुसून टाकतो. पूड चिमटीने कण-कण टाकत गेले तर काटा ते कण गिळतो आणि निर्विकारपणे शून्य दाखवत राहतो. काटा मारण्याचे काम इथे यंत्रच करते, तेही कोणत्याही नफ्याविना. उपाय सोपा आहे: भांडे ठेवल्यावर शून्य करू नये, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून वजाबाकी करावी. दुसरी खोड अशी की, बॅटरी वाचवण्यासाठी काटा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. त्यासाठी तो नेमका शेवटचा कण पडण्याचा क्षण निवडतो.

दोन कामांसाठी हा काटा वापरू नये. व्यापारात मापून विकायचे असेल, तर वैधमापन खात्याने पडताळून शिक्का मारलेला काटाच लागतो. आणि औषधाच्या गोळीचे तुकडे करून मात्रा मोजू नयेत. ५० मायक्रोग्रॅमच्या थायरॉइडच्या गोळीत औषध मिलिग्रॅमचा विसावा भाग असते, बाकी सगळा भराव. काटा मोजतो तो भराव.

५ मिलिग्रॅम हवे असतील तर ५ मिलिग्रॅम मोजण्याचा हट्ट धरू नये. पदार्थ पाण्यात विरघळत असेल तर १०० मिलिग्रॅम मोजावे, १०० मिलिलिटर द्रावण करावे आणि त्यातले ५ मिलिलिटर सिरिंजने घ्यावे. ज्याचे काम ५० मिलिग्रॅमच्या वर आहे, त्याला ५० ग्रॅम क्षमतेचा स्वस्त काटा आणि एक एफ२ वजन पुरेसे आहे. पैसे कमी पडत असतील तर काटकसर काट्यात करावी, वजनात करू नये.